पहिल्यांदा हो म्हणायचं नाही

अमृतच्या आत्तापर्यंत तीन मुलाखती झाल्या होत्या आणि तिन्ही एकाच प्रश्नावर आपटल्या होत्या: स्वतःबद्दल सांगा.

पहिली डहाणू रोडला, एका विमा ऑफिसात. तिथे त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढचं आठवत बसला. दुसरी बोईसरला. तिथे त्याने नाव, पाडा, गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड सांगितला. पिनकोडला साहेबांनी मान हलवली, म्हणून घरी येईपर्यंत त्याला आशा होती. तिसऱ्या वेळी तो उत्तर इंग्रजीत पाठ करूनच गेला. पण समोरच्या बाईंनी आधी विचारलं, "पाणी हवंय का?" तेव्हा तो म्हणाला, की मी मेहनती आहे, मला टीममध्ये काम करायला आवडतं आणि माझा कमकुवतपणा म्हणजे मी कामात स्वतःला फार झोकून देतो. बाईंनी पाण्याची बाटली हळूच त्याच्याकडे सरकवली. मुख्य प्रश्न आला तेव्हा त्याच्याकडचं सगळं संपलं होतं.

आता चौथी. तलासरीला हायवेलगत एक कारखाना होता. तिथे बादलीच्या कड्या बनत. फक्त कड्या, बादल्या दुसरीकडे कुठेतरी वापीच्या बाजूला होत. स्टोअरमध्ये मदतनीस हवा होता, पदवीधर चालेल असं लिहिलं होतं. अमृत बी. कॉम. होता. गुरुवारी अकराला बोलावलं होतं.

आणि रविवारी मनिष तांडेल येणार होता.

मनिष गुजरातेतल्या एका मासेमारी बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमाने चाले. पावसाळ्यात बोटी बंद असत, ऑगस्टात सुटत. त्याआधी मनिष पाड्यापाड्यांतून फिरून खलाशांची नावं वहीत लिहून घेई. एकदा नाव गेलं की माणूस आठ महिने समुद्रात. अमृतचे बाबा, लाहू, पंधरा वर्षं त्याच बोटीवर जात होते. "यंदा एक माणूस कमी हाय बोटीवर," लाहू परवा जेवताना म्हणाला. म्हणताना त्याने अमृतकडे बघितलं नाही, आणि ते न बघणं सगळ्यांना दिसलं.

अमृत आयुष्यात एकदाच बोटीत बसला होता, डहाणूच्या खाडीत, शाळेच्या सहलीला. त्याला ओकारी झाली तेव्हा बोट अजून दोरीने बांधलेलीच होती.

तर गुरुवारी नोकरी, नाहीतर रविवारी वही. मध्ये तिसरं काही नव्हतं.

तयारी घ्यायला पाड्यावर दोनच माणसं लायक होती. एक त्याची बहीण रविना. बारावीला होती आणि मुलाखतीचे व्हिडिओ तिने अमृतपेक्षा जास्त पाहिले होते. दुसरा बाबल्यामामा. मामाने मुलाखत कधी दिली नव्हती. पण त्याने एकतीस लग्नं जुळवली होती, त्यातली एकोणतीस टिकली होती, आणि उरलेल्या दोन्हींत चूक पलीकडच्यांची होती. पोराला मध्ये बसवायचं, चार अनोळखी माणसांनी त्याला वरून खालपर्यंत बघायचं, काय करतोस, किती शिकलास विचारायचं आणि नंतर कळवतो म्हणून निघून जायचं. मामाच्या मते मुलाखत म्हणून शहरात जे काही चालतं ते हेच होतं, फक्त तिथे जेवण नसतं.

सोमवारी दुपारी भाताच्या आवणीवरून आल्यावर पडवीत सराव सुरू झाला. अमृतच्या पोटऱ्यांवरचा चिखल अजून ओला होता. रविना उपड्या बादलीवर बसली, कारण ती कंपनी होती. त्याआधी मामाने ती बादली हातात घेऊन तिची कडी दोनदा वर-खाली करून बघितली.

"कडी बरी हाय," मामा म्हणाला. "घर चांगलं वाटतं."

"टेल मी अबाउट युवरसेल्फ," रविना म्हणाली.

"मी अमृत—"

"थांब," मामा म्हणाला. "तू कशाला बोलतोस? पोरगा बोलत नाय. पोराबद्दल दुसरे बोलतात."

"मामा, तिथे दुसरा कोणी नसणार."

"मग ते विचारणार कोणाला?"

"मलाच."

मामाने थोडा वेळ पावसाकडे बघितलं. "असं कसं घर हे," तो म्हणाला.

आत अमृतच्या आईने, रूपीने, कोरा चहा टाकला होता. ती पेला घेऊन आली आणि म्हणाली, "घेतोस?"

"हो," अमृत म्हणाला.

"नापास," मामा म्हणाला, आणि पेला स्वतः घेतला.

मग मामाने नियम सांगितला. तसा तो पाड्यावर सगळ्यांना ठाऊकच होता. अमृतने तो श्वासाबरोबर आत घेतला होता, पण शब्दांत मांडलेला पहिल्यांदाच ऐकला. पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नाही. चहा असो, जेवण असो, मुलगी असो. पहिल्यांदा हो म्हणणारा भुकेला दिसतो. दुसऱ्यांदा हो म्हणणारा उतावळा दिसतो. तिसऱ्यांदा हो म्हटलं की समोरच्याच्या आग्रहाला मान दिल्यासारखं होतं आणि दोघांचीही इज्जत राहते.

"व्हिडिओत असं काही नव्हतं," रविना म्हणाली.

"व्हिडिओवाल्यांनी किती लग्नं जुळवली?" मामाने विचारलं.

अमृतला हे सगळं येडपटपणाचं वाटत होतं. पण सराव म्हणून सराव, तो दोन दिवस नको-नको म्हणत राहिला. बुधवारी रात्री जेवताना आईने विचारलं, "आणखी भाकर?" तो म्हणाला, "नको." आईची कंबर दिवसभर वाकून मोडली होती. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि टोपली उचलून आत गेली. अमृत रिकाम्या थाळीकडे बघत बसला. तेव्हाच त्याला पहिल्यांदा बारीक भीती वाटली, की आपलं तोंड आपल्याला विचारल्याशिवाय बोलायला लागलंय.

गुरुवारी अकराची मुलाखत म्हणून तो पावणेनऊला कारखान्याच्या गेटवर होता. सगळी सर्टिफिकेटं एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत आणि ती तिसऱ्या पिशवीत. वॉचमनने विचारलं, "पार्सल आहे का?"

आत एका खोलीत दोघं बसली होती. संगीता मॅडम फॉर्म भरत होत्या. त्या मुलाखत घेणाऱ्या आणि हजेरीही बघणाऱ्या. त्यांच्या शेजारी नविनभाई, कारखान्याचे मॅनेजर, उंबरगावचे. त्यांच्या हातात एक कडी होती आणि तिला ते बोलता बोलता जपमाळेसारखे फिरवत होते. भिंतीवर कड्या, खिडकीत कड्या, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून कड्या.

"बेस भाय, बेस," नविनभाई खुर्चीकडे हात करत म्हणाले. "चहा घेणार ना?"

"नको."

"अरे घे ना."

"नको, नको."

नविनभाईंनी दाराकडे बघून सांगितलं, "दोन चहा."

दोन चहा आले. अमृत त्यांची वाफ बघत राहिला. या खोलीत तिसऱ्यांदा विचारत नाहीत, ही गोष्ट त्याला तेव्हाच कळायला हवी होती. कळलीसुद्धा. पण ती डोक्यात कळली, तोंडापर्यंत पोचली नाही.

"स्वतःबद्दल सांगा," संगीता मॅडम म्हणाल्या.

अमृतने तोंड उघडलं. पाठ केलेलं इंग्रजी जागेवर नव्हतं. पिनकोड होता, पण तो त्याने गिळला. "घरात कुठली वस्तू कुठे आहे ते मला विचारतात," तो म्हणाला. "म्हणजे कोयता कोणी नेला, पहार कोणाकडे राहिली, असं. मला लक्षात राहतं. मी उठून शोधत नाही, सांगतो फक्त."

मॅडमनी लिहून घेतलं. नेमकं काय लिहिलं ते त्याला उलट्या बाजूने वाचता आलं नाही.

नविनभाई पुढे वाकले. "समज गोडाऊन गळला. तीन मापाच्या कड्या हायेत, गोण्यांवरचं लिहिलेलं सगळं धुऊन गेलं. बघून फरक कळत नाय. सकाळी ट्रक उभा. काय करशील?"

"प्रत्येक मापाची एक कडी बाहेर खिळ्याला लटकवेन," अमृत म्हणाला. "गोणी उघडायची, वरची एक काढायची, खिळ्यावरच्या कडीला लावून बघायची. जुळली त्या खिळ्याखाली गोणी." मग थोडं थांबून तो म्हणाला, "आणि गोडाऊन गळायच्या आधीच लटकवेन."

कडी फिरायची थांबली. नविनभाईंनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी नविनभाईंकडे बघितलं. हे बघणं अमृतने मामाच्या एकतीसपैकी निदान दहा लग्नांत पाहिलं होतं. पुढे काय येतं ते त्याला माहीत होतं.

"सोमवारपासून येशील?" नविनभाई म्हणाले.

"घरी विचारून सांगतो," अमृतचं तोंड म्हणालं.

अमृत स्वतः त्या तोंडाच्या मागे कुठेतरी उभा राहून हो, हो, हो असं ओरडत होता. पण बाहेर काही ऐकू गेलं नाही. नविनभाईंच्या भुवया जरा वर गेल्या आणि परत जागेवर आल्या. संगीता मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"ठीक आहे, कळवा," त्या म्हणाल्या.

तो दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसून राहिला.

"अजून काही विचारायचंय?" मॅडम म्हणाल्या.

"नाही," तो म्हणाला, आणि पिशवी पिशवीत, ती पिशवीत घालून बाहेर आला.

घरी मामा खूश झाला. इतका खूश, की त्याने पहिल्यांदाच विचारलेला चहा चुकून घेतला. "शाबास भाच्या. आता ते माणूस पाठवतील."

"कंपनी माणूस पाठवत नाही मामा."

"गरज कोणाला हाय? त्यांनाच ना? मग."

शुक्रवारी अमृत आवणीला गेला, पण फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून टोपीखाली ठेवून. फोन चार वेळा वाजला. तीन वेळा डेटा संपत आल्याचा मेसेज होता आणि चौथ्यांदा डेटा संपल्याचा. दुपारी पाड्याच्या टोकाला एक अनोळखी माणूस दिसला. खांद्याला बॅग, हातात कागद, घराघरांत डोकावत येतोय. घरातली सगळी उभी राहिली. आईने पदर सारखा केला. मामाने सदरा घातला आणि त्याला पडवीत बसवून चहा विचारला.

"चालेल," माणूस म्हणाला.

मामाचा चेहरा पडला. "हा कंपनीचा नाय," त्याने अमृतच्या कानात सांगितलं.

तो आरोग्य केंद्राचा होता. साठलेल्या पाण्यात डासांची अंडी शोधत होता. त्याला पावसात भरून राहिलेल्या रविनाच्या बादलीत सापडली.

शनिवारी सकाळी अमृतने चिखलाचे कपडे घातलेच नाहीत. रविनाने दारात अडवलं. "फोन कर ना. जाऊन कशाला?"

"फोनवर ते नाही म्हणाले तर फोन संपतो. तिथे निदान बसून राहता येतं."

"मामाने विचारलं तर?"

"पहिल्यांदा सांगू नको. तिसऱ्यांदा विचारलं तर सांग."

तलासरीपर्यंत इको गाडीत तो दोन कोंबड्या आणि एका शिलाई मशीनच्या मध्ये बसला होता. जे वाक्य म्हणायचं होतं ते एका शब्दाचं होतं, तरी त्याने ते वाटभर पाठ केलं.

खोलीत तीच दोघं होती, त्याच कड्या. तो आत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "हो."

संगीता मॅडमनी वर बघितलं. "काय हो?"

"सोमवारपासून येशील का, त्याचं."

"अरे भाय," नविनभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे जास्त भीती वाटली. "ती जागा दिली. काल सरावलीचा एक मुलगा आला. विचारलं, तर जागच्या जागी हो म्हणाला. तुझ्याकडे दुसरीकडची ऑफर असेल, आम्हाला वाटलं."

झालं. अमृतला टोपीखालचा फोन, आईचा पदर, मनिषची वही, सगळं एकदम आठवलं. तो वळला. दाराच्या कडीला त्याचा हात लागला होता. मामाने हजार वेळा म्हटलेलं एक वाक्य तेव्हा त्याला आठवलं: मुलीकडचे पहिल्यांदा नाही म्हणाले तर उठायचं नाही, ते नाही नसतं.

तो परत येऊन खुर्चीत बसला.

"मला ती नोकरी हवी आहे," तो म्हणाला. "जागा आहे का?"

"नाय भाय. सांगितलं ना."

मॅडम टाईप करत होत्या. बाहेर यंत्राने साताठ कड्या पाडल्या. अमृतच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरला. उठावं असं त्याच्या दोन्ही पायांना वाटत होतं. तो पायांचं ऐकत नव्हता.

"तुम्ही दोनदा नाही म्हणालात," तो म्हणाला. "आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारतात."

"आणि तिसऱ्यांदा नाय म्हटलं तर?"

"मग ते खरं. मग मी जातो."

नविनभाईंनी टेबलावरची कडी उचलली. "म्हणजे गुरुवारी तू बोललास ते?"

"ते पहिलं होतं."

टाईप करणं थांबलं. "म्हणजे आम्ही तुम्हाला अजून दोनदा विचारायला हवं होतं?" संगीता मॅडम म्हणाल्या.

"हो."

"फॉर्ममध्ये तेवढी जागा नाहीये."

"जागा आहे का?" अमृत म्हणाला. हे तिसरं होतं. ते म्हणताना त्याचा आवाज चिरकला, चौथीतल्या मुलासारखा.

नविनभाईंनी कडी बराच वेळ फिरवली. "शब्द दिलाय त्याला. तो सोमवारी साडेनऊला येणार. आला, तर तू घरी. साडेनऊपर्यंत नाय आला, तर तू आत. याच्यापुढे मला काय बोलता येत नाय."

ते नाही नव्हतं. होही नव्हतं. मामाच्या नियमांत असल्या उत्तराला खणच नव्हता.

रविवारी मनिष तांडेल आला. पडवीत बसला, पाणी प्याला, पावसाबद्दल बोलला, डिझेलबद्दल बोलला. मग वही उघडली आणि लाहूचं नाव न विचारता लिहिलं.

"आणि हा?" त्याने अमृतकडे पेन दाखवलं. "येतोस ना?"

"नाही," अमृत म्हणाला.

मनिष हसला. तोही याच बाजूचा. पहिलं नाही त्याने माशी हाकलल्यासारखं हाकललं. "अरे, पहिले चार दिवस ओकशील. मग समुद्रच तुला ओळखायला लागतो. लिहू ना?"

"नाही मनिषभाऊ."

आता पडवीत कोणी हलत नव्हतं. आई दारात होती. मामा खांबाला टेकून मनातल्या मनात मोजत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. अमृतच्या खिशात नोकरी नव्हती. एका सरावलीच्या मुलाचं उशिरा उठणं, एवढ्याच्या भरवशावर तो बसला होता, आणि तो मुलगा कसा उठतो हेही त्याला माहीत नव्हतं.

"शेवटचं विचारतो," मनिष म्हणाला. "नंतर जागा भरेल. येतोस?"

"नाही."

मनिषने वही मिटली. मामाने डोळे मिटले. पुढे चहा झाला, मनिषने तो रीतसर तिसऱ्यांदा घेतला आणि छत्री उघडून पुढच्या घराला गेला.

तो गेल्यावर लाहूने विचारलं, "कारखान्याचं ठरलं?"

"नाही."

"मग नाही कशाला म्हणालास?"

"बाबा, त्याने तीनदा विचारलं."

लाहू जाळ्याच्या दोरीने कापून कापून जाड झालेला आपला अंगठा चोळत राहिला. "मला पहिल्या साली एकदाच विचारलं होतं," तो म्हणाला. "मी हो म्हणालो." मग तो उठून बांध बघायला गेला. पाऊस होता तरी डोक्यावर घोंगता न घेता गेला.

सोमवारी अमृत आठ वाजता गेटवर होता. वॉचमन आता त्याला ओळखत होता. "पार्सल घेऊन आलास परत," तो म्हणाला आणि त्याला छपराखाली उभं राहू दिलं.

सव्वाआठपासून कामगार यायला लागले. अमृत प्रत्येकाच्या चेहऱ्यात सरावली शोधत होता. इस्त्रीचा शर्ट दिसला की तो पिशवी छातीशी धरायचा. नऊला एक मुलगा मोटरसायकलवरून आला, पाठीला बॅग, केस बसवलेले. तो गेटशी थांबला. अमृतने भिंतीला हात टेकला. मुलगा म्हणाला, "बोर्डीचा रस्ता हाच का?" अमृतने त्याला रस्ता इतका तपशीलवार सांगितला, की मुलगा कंटाळून मध्येच निघून गेला.

नऊ वीस. नऊ पंचवीस. साडेनऊला वॉचमनने आपल्या घड्याळात बघितलं, मग अमृतच्या फोनमध्ये बघितलं, मग परत आपल्या घड्याळात. दोन्हींत तीन मिनिटांचा फरक होता. ती तीन मिनिटं अमृतने हायवेकडे तोंड करून काढली.

नऊ तेहतीसला संगीता मॅडम छत्री घेऊन गेटपर्यंत आल्या. त्यांच्या हातात फॉर्म होता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण तो त्यांचा नेहमीचाच चेहरा होता.

"सरावलीच्या मुलाचा आत्ता फोन आला," त्या म्हणाल्या.

अमृतने पिशवी दोन्ही हातांनी धरली. "येतोय?"

"घरी विचारून सांगतो म्हणाला."

हायवेवरून एक ट्रक गेला.

"तुम्ही त्याला दुसऱ्यांदा विचारलंत?" अमृतने विचारलं. विचारायला नको होतं. पण त्याच्यावर संस्कार होते.

"नाही," मॅडम म्हणाल्या आणि गेटचं छोटं दार त्याच्यासाठी उघडून धरलं.

नविनभाई खोलीत होते, हातात कडी. "बेस," ते म्हणाले. "चहा—"

"हो," अमृत म्हणाला.

चहा आला, तीन. त्याचा फार गरम होता. जीभ पोळली, तरी त्याने तो खाली ठेवला नाही.